दिवटीला किल्ल्या कशाला?

गाफीलगडचे रणधुमाळ महाराज मिशांना कलप लावतात, ही गोष्ट राजवाड्याबाहेर फुटली! शेजारच्या राजाने तर कलपाची बाटलीच भेट पाठवली. सोबत चिठ्ठी होती: "आपली बाटली मंगळवारी संपली, असे ऐकतो."

महाराज संतापाने लाल झाले. मोबाइल ते कमरेच्या शेल्यात खोचून ठेवत, कुणाच्या हाती देत नसत. मग फोडलं कुणी? प्रधानजींनी लगेच बोट दाखवलं, म्हाताऱ्या कोंडाजीकडे. तीस वर्षं त्याने महाराजांपुढे दिवटी धरून वाट दाखवली होती. गेल्या महिन्यात प्रधानजींनीच सुचवलेलं 'सप्तरंगी दिवटी' हे उजेड पाडणारं फुकटचं ॲप महाराजांनी मोबाइलमध्ये घेतलं आणि कोंडाजीला घरी बसवलं.

"तोच डूख धरून बसलाय," प्रधानजी म्हणाले. पुराव्यावाचून खात्री देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

कोंडाजीला हुकूम सुटला: तू नसशील, तर दाराने न आलेला, खिडकीने न गेलेला चोर उद्या दुपारपर्यंत दरबारात उभा कर, नाहीतर राज्य सोडून चालता हो!

कोंडाजीने कपाळाला हात लावला. त्याची मुलगी हौसा मात्र शांत होती. "आबा, चोराचा पत्ता मला ठावं हाय. तुमी फकस्त दिवटीत तेल घाला."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हौसा पेटती दिवटी घेऊन दरबारात शिरली. सगळे फिदीफिदी हसले.

"पोरी, डोकं ठिकाणावर आहे का?" महाराजांनी विचारलं.

"महाराज, आबांच्या जागी मला ठिवा. पगार नगं. फुकट राबंन."

फुकट म्हणताच महाराजांचा चेहरा खुलला. "मंजूर!"

"बारीकसारीक चार गोष्टी लागतील. तुमच्या सोयऱ्याधायऱ्यांची यादी. चिठ्ठ्या वाचाय दप्तरखान्याच्या किल्ल्या. तुमी जाल तिथं मागं यायची मुभा. आन् शेजघरात पडद्याआड बसून तुमचं बोलणं ऐकायची."

महाराज ताडकन उठले. "दिवटीला किल्ल्या कशाला? दिवटीला तेल लागतं!"

"मग शेल्यातल्या दिवटीनं मागितल्या तवा का दिल्या?" हौसा म्हणाली. "काढा भाईर. प्रधानजी, तिला काय काय मुभा दिलीया, वाचा की."

महाराजांनी मोबाइल उघडून दिला. प्रधानजी वाचू लागले. "संपर्कयादी, मंजूर. संदेश, मंजूर. ठिकाण, मंजूर. माइक..." त्यांचा आवाज बसत गेला.

"मंगळवारी मी कलपवाल्याला संदेश धाडला होता," महाराज पुटपुटले.

"हा तुमचा चोर. दारानं आला न्हाई, खिडकीनं गेला न्हाई. तुमीच कमरंला बांधून मिरवला, आन् त्यानं तुमचे संदेश वाचून भाईर इकले. माझ्याबी मोबाइलात आली हुती ही बया. दिव्यापायी एवढं मागतीया म्हटल्यावर मी तिला हाकलली."

"मग अंधारात काय करतेस?"

"मोबाइलात दिवा मुळातच असतो, महाराज."

प्रधानजी छत न्याहाळू लागले. महाराजांनी सगळ्या परवानग्या बंद केल्या, ॲप स्वतःच्या अंगठ्याने पुसलं आणि पासवर्डही बदलला. मग मात्र त्यांना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसता पुसता अर्धा कलप शेल्याला लागला.

"शाबास! माग, काय मागशील ते मंजूर!"

"महाराज, अजून म्या काय मागितलंच न्हाई."

महाराज पुन्हा खो खो हसले. "खरंय! आजपासून माझ्या मंजुरीआधी प्रत्येक कागद तू वाचायचा. कोंडाजीला शालजोडी द्या, तो आता बसून पगार घेईल. आणि प्रधानजी, तेवढी दिवटी धरा!"