पत्ता बदलला म्हणून

आता म्हातारपणी मला कशाला बोलायला लावता? बरं, ऐका.

दूध संघाच्या कॉम्प्युटर खोलीत मी शिपाई होतो. झाडताना माहिती साठवायच्या डब्याची वायर, डबा आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या मधल्या मशीनमधून निसटली. मी ती शेजारच्या भोकात खोचली, आणि चाळीस हजार गुरांच्या लसींच्या नोंदी दिसेनाशा झाल्या.

खोलीचे प्रमुख दाभाडकर साहेब गरजले, "माझ्या यादीतल्या पत्त्यावर डबाच नाही! या शिपायानं डबा मारला. हाकला याला!"

मशीनं सांभाळणारी मुलाण्यांची रुख्साना शांतपणे म्हणाली, "साहेब, साताऱ्याहून तुमची बदली झाली, तुमचाही पत्ता बदलला. म्हणून तिथल्यांनी तुमचं तेरावं घातलं का?"

साहेबांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

मग ती मला म्हणाली, "मामा, डब्याला नाव कारखान्यातच मिळतं. वायर जोडली की डबा ते नाव मधल्या मशीनला सांगतो. मशीन भोक बघून त्याला पत्ता देतं. भोक बदललं, पत्ता बदलला. नाव तेच."

कॉम्प्युटर ज्या यादीवरून डबा शोधायचा, त्या साहेबांच्या यादीतला पत्ता खोडून तिनं डब्याचं नाव लिहिलं. पडद्यावर सगळी गुरं परत उभी राहिली! मी हातच जोडले. बिनतोंडाचा डबा, पण कुठंही खोचा, आपलं नाव बरोबर सांगतो.

माझी नोकरी वाचली. माफी मात्र अजून मागितली नाही त्या दाभाडकरानं.