राहीआईचे इवले हात

फार फार मागे, करवंदवाडीला धड पायवाटही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. वाडीत राहीआई नावाची सुईण होती. अंगानं धिप्पाड, पंजे सुपाएवढे. वाडीतलं प्रत्येक पोर पहिल्यांदा रडलं ते त्याच हातांवर, असं म्हणतात.

एकदा डोंबाऱ्यांचा तांडा वाडीवरून गेला आणि त्यांची एक कुत्री मागे राहिली. मांजरापेक्षा जेमतेम मोठी. राहीआईनं तिला ओसरीवर घेतलं आणि मुंगी म्हणू लागली. पुढे मुंगी गाभण राहिली. राहीआईला मूलबाळ नव्हतं. तिला लेक बाळंतपणाला आल्यासारखं झालं.

वाडीची रीत अशी, की पोटुशी दारावरून गेली तर तिला काही दिल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. मुंगी तर दिवसातून दहादा प्रत्येक दारावरून जायची. कुणी तूपभात घाली, कुणी गुळाचा सांजा. वर राहीआई डिंकाचा लाडू कुस्करून देई.

"कुत्री पाळलीस का बैल पोसतेस?" तिची जाऊ पारूबाई म्हणायची.

"दोन जिवांची आहे गं ती."

"असेल. पोट एकच आहे ना?"

राहीआई हसली. ते हसणं तिला जन्मभर सलत राहिलं, असं म्हणतात.

दिवस भरले. सकाळी कळा सुरू झाल्या, ऊन माथ्यावर आलं, तरी पिल्लू येईना. वाडीभरचं खाऊन पिल्लू दांडगं झालं होतं आणि वाट तेवढीच चिमुकली. मुंगीचे डोळे मिटू लागले. शेकडो बायका सोडवलेली राहीआई, पण तिचं एक बोटही तिथं जाड पडत होतं.

"पारू, मीच मारलं गं हिला. लाडानं मारलं."

"अजून मेली नाही ती. रडतेस काय, सोडव!"

राहीआईनं हात तेलात बुडवले. "सटवाई, हे हात घे. हिला पुरतील एवढेच ठेव."

आणि असं म्हणतात, की तेलातून वर आले ते पाच वर्षांच्या पोरीचे हात. बांगड्या खळ्ळकन गळून पडल्या. त्या इवल्या बोटांनी अडलेलं पिल्लू अलगद वळवलं, बाहेर घेतलं. मागोमाग आणखी दोन आली. मुंगीनं डोळे उघडले आणि आधी ती बोटं चाटली, मग पिल्लं.

हात पुन्हा कधी वाढले नाहीत. राहीआईची भाकरी पुरीएवढी होई, तिची घागर पारूबाई कुरकुरत उचले. पण अडलेल्या गाईम्हशींसाठी, बाळंतिणींसाठी तिला दहा गावांतून बोलावणं येई.

करवंदवाडीत आजही कुत्री गाभण राहिली की दाराच्या कडीला लहान मुलीच्या मापाची हिरवी बांगडी बांधतात. ती दिसली की शेजारीण ताट घेऊन उंबऱ्याबाहेरच थांबते आणि विचारते, "राहीआईची लेक जेवली का?"

आतून उत्तर येतं, "चार घास झाले. आता उन्हं कलल्यावर ये."


आणि शेजारीण ताट घेऊन तशीच परत जाते.