शिरगडचा संघ निघाला चषकाला

परदेशातल्या फुटबॉल चषकात शिरगडचा संघ जिंकेल की हरेल, हे सांगणं शिरगडात फार अवघड होऊन बसलं होतं. हरेल म्हणणारा राजद्रोही. जिंकेल म्हणणाऱ्यानं निकाल लागेपर्यंत कोठडीत बसायचं, उगाच तोंडपुजेपणा नको म्हणून. आणि गप्प बसणाऱ्याला देशाची पर्वा नाही! राजा उदंडसेनाचं फर्मानच तसं होतं.

रखमाजी चांभार चहाच्या टपरीवर बोलून गेला, "पहिल्याच सामन्यात गाशा गुंडाळतील." संध्याकाळी तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी बयजा थेट दरबारात उभी राहिली. संघातल्या सगळ्यांचे बूट तीच शिवायची. कुणाचे तळवे झिजतात आणि कुणाचे कोरे राहतात, हे तिला ठाऊक होतं.

"महाराज, बाबांना सोडा."

"मग तू सांग," राजा म्हणाला. "आपला संघ जिंकेल की हरेल?"

"सांगते. आधी थोडं विचारू? इथं सामन्याच्या वेळी समोरच्या गोलरक्षकामागे आपले भालाईत उभे असतात. ते बोटीतून जाणार का?"

"तिकडे मैदानात भाले चालत नाहीत."

"पंच आपलाच ना?"

"छे, तिकडचा."

"इथं आपल्या मेहुण्यांच्या पायातून चेंडू काढून घेणाऱ्याला महाराज आत टाकतात. तिकडच्यांना टाकता येईल?"

"परमुलखातल्या माणसाला कसं टाकणार?"

"मग मेहुण्यांच्या पायात चेंडू किती वेळ राहील?"

राजानं संघनायकाकडे, म्हणजे आपल्या मेहुण्याकडे पाहिलं. दरबाराच्या चार पायऱ्या चढून मेहुणे अजून धापा टाकत होते.

"शिंक येईपर्यंतसुद्धा नाही," राजा बोलून गेला. "हा गेला तर डझनभर गोल खाऊन येईल."

बयजानं हात जोडले.

"एवढं तर माझे बाबाही बोलले नव्हते, महाराज."

प्रधानांनी खाली पाहिलं. राजद्रोह झाला होता खरा, पण बेड्या कुणाला घालायच्या?

राजाचा चेहरा लाल झाला. "फार शहाणी आहेस. मग पाठवू कुणाला? बोट उद्या सुटते. एका दिवसात चांगले अकरा खेळाडू आणू कुठून?"

"आणायचे कशाला? महाराजांनीच एकेक पारखून गोळा केलेत. मेहुण्यांच्या पायातून चेंडू काढला म्हणून तुरुंगात पडलेत, ते सगळे. मोजून घ्या, अकरांपेक्षा जास्तच भरतील."

राजा असा हसला की मुकुट कानावर आला.

दुसऱ्या दिवशी बोट सुटली. तुरुंगातून सुटलेला संघ होता, सरकारी खर्चानं रखमाजी आणि बयजा होते, आणि सगळ्यांच्या बुटांचं गाठोडं उचलायला मेहुणे होते.