कपाटामागचा कागद

फार वर्षांपूर्वी एका घराच्या भिंतींवर गुलाबांच्या नक्षीचा कागद चिकटवला होता. त्यातला एक तुकडा कपाटामागे गेला, तो कायमचाच. बाकीचा कागद उन्हाने विटला, पोरांच्या तेलकट हातांनी मळला.

घराला रंग द्यायचं ठरलं. रंगाऱ्याने कपाट सरकवलं आणि म्हणाला, "अरे वा, हा तर कोरा करकरीत!" तुकड्याला वाटलं, आपल्याला तरी ठेवतील. पण रंगाऱ्याने पाणी मारून त्यालाही खरवडलं आणि बाकीच्या कागदाच्या ढिगात टाकलं.

ढिगात विटक्या कागदांच्या गप्पा रंगल्या होत्या: बारसं, रुसवेफुगवे, खिडकीतून येणारं ऊन.

"आणि तू रे, काय काय पाहिलंस?" एकाने मायेने विचारलं.

तुकडा हळूच म्हणाला, "ते उन्हाचं पुन्हा एकदा सांग ना."