नारूमामाला घालवायचं कसं

एका गावात एक भोळा शिदू होता. त्याला कुणाला जा म्हणताच येत नसे. दारात आलेली परकी म्हैससुद्धा पेंड खाऊन, रवंथ आटोपून मगच जाई.

त्याची बायको मैना. तिनं सोळा सोमवार धरले होते. सोळाही पार पडले, सतराव्याला उद्यापन. तिचा नेम असा की, त्या दिवशी एक मेहुण, म्हणजे नवराबायकोची जोडी, पोटभर जेवल्याशिवाय आपण पाणीही प्यायचं नाही.

अडचण एकच. शिदूचा नारूमामा एका रविवारपुरता आला होता, त्याला दीड महिना झाला. नैवेद्य दाखवायच्या आधीच चुरम्याचा लाडू त्याच्या तोंडात असे.

मैना म्हणाली, "अहो, उंबऱ्यात ठाण मांडून बसणाऱ्याला सरळ सांगावं. चालते व्हा, पुन्हा तोंड दाखवू नका."

शिदूनं पाठ केलं आणि बाहेर गेला. उंबऱ्यात मैनाचा भाऊ वहाणा सोडायला बसला होता. उद्यापनाला नारळ घेऊन आलेला. शिदूनं पाठ म्हणून दाखवला. भाऊ गेला, नारळही गेला. मामा झोपाळ्यावर होता. झोपाळा काही उंबरा नव्हे.

मैनानं कपाळाला हात लावला. घरच्या माणसाला असं म्हणू नये, परक्याला म्हणावं, असं तिनं समजावलं.

दुसऱ्या दिवशी एक अनोळखी बाई पत्रावळी घेऊन आली. शिदूनं तिला नाव विचारलं, गाव विचारलं. दोन्ही परकी निघाली. तिलाही चालतं केलं. मामा आईचा सख्खा भाऊ, तो परका कसा?

मैनानं शेजारून केळीची पानं मागून आणली. मग शांतपणे सांगितलं, "कामाला आलेल्याला नाही हो. जो नुसता बसून फुकट खातो, त्याला म्हणावं."

"एवढंच ना?" शिदू म्हणाला.

सोमवार उजाडला. पूजा झाली. शेजारच्या आळीतले यशवंतराव आणि काशीताई मेहुण म्हणून पानावर बसले. शिदू वरण घेऊन आला आणि बघत राहिला. बसले होते. खात होते. त्यानं अदबीनं विचारलं, काही द्यायचा विचार आहे का? यशवंतराव हसून म्हणाले, "आशीर्वाद देऊ की."

तिन्ही खुणा पटल्या. शिदूनं वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि पाठ म्हटला. पहिला घास तसाच पानात टाकून दोघं उठली.

मामा मागच्या दारी लाडू खात होता. पण उभ्यानं.

ऊन कलायला लागलं. मैनाचे ओठ सुकले. तरी ती म्हणाली, महादेव कुणाला तरी धाडील. आणि खरंच दार वाजलं. नारूमामाची बायको, सोनूमामी, नवऱ्याला शोधत आली होती. मैनाला देव भेटल्यासारखं झालं. तिनं शिदूला विहिरीवर पाणी आणायला धाडलं, दोघांना शेजारी शेजारी बसवलं, आग्रह करकरून वाढलं. दोघांनी तृप्तीची ढेकर दिली. मामीनं मामाला दटावून गाठोडं बांधायला लावलं.

तेवढ्यात शिदू घागर घेऊन परतला. आता त्याचा पाठ सुरू होणार, हे ओळखून मैना घाईनं त्याच्या कानाशी लागली. "निघत्या पाहुण्याला तसं बोलायचं नाही. घर तुमचंच आहे, राहा, असं म्हणायची रीत असते."

शिदूनं हात जोडले. "मामा, मामी, घर तुमचंच आहे. राहा."

मामीनं छप्पर पाहिलं, परसातली विहीर पाहिली. "आमचं छप्पर गळतंच आहे," ती म्हणाली. मामानं गाठोडं खाली ठेवलं.

मैनानं डोळे मिटले. पण मेहुण जेवलं होतं. नेम पुरा झाला होता. ती घोटभर पाणी प्यायली आणि तिनं डोळे उघडले, तर शिदू आपलं धोतर नि घोंगडी बांधत होता.

"अहो, हे काय?"

"घर त्यांचं," शिदू म्हणाला. "आणि आपण इथं बसून फुकट खातो."

मग तो उंबऱ्यात उभा राहिला, स्वतःला म्हणाला, "चालते व्हा, पुन्हा तोंड दाखवू नका," आणि निघालाही.

मैना त्याच्यामागे वेशीकडे धावली. मागून मामाची हाक आली, "सूनबाई, येताना विड्याची पानं आण गं."