जिना उतरून आलेला व्यवस्थापक

उत्तरेकडच्या थंड मुलखात कालास नावाचे एक गाव होते. तिथले तळे वर्षातून पाच महिने गोठलेले असे. गावातली मुले चालायला लागली, की लगोलग बर्फावर घसरायलाही लागत. पायात धारदार पात्यांचे बूट, हातात वाकडी काठी, आणि बर्फावरून सुसाट सुटणारी रबराची काळी चकती. ती चकती समोरच्या संघाच्या जाळ्यात घालायची, एवढाच खेळ. पण या आइस हॉकीपायी सारे गाव वेडे होते. गावाचा एक व्यावसायिक संघही होता, आणि त्याच्या सामन्याच्या दिवशी दुकाने दुपारीच बंद होत.

त्या संघात आर्वो नावाचा एक बचावपटू होता. बोलायला कमी, अंगाने आडवा. त्याच्यावर येऊन आदळणाऱ्याला भिंतीवर आदळल्यासारखे वाटे. त्याच्या नावावर गोल फारसे नव्हते. पुढचे दोन दात मात्र त्याने संघापायी गमावले होते, आणि उजव्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. दहा वर्षे तो कालासकडून खेळला. आपण इथेच खेळत खेळत म्हातारे होणार, असे त्याने धरून ठेवले होते.

अकराव्या हिवाळ्यात एका सकाळी तो सरावाला आला, तेव्हा त्याच्या खुंटीवर दुसऱ्याच कोणाचा तरी सदरा लटकत होता. तिथे खेळाडूंचे सामान सांभाळणारा ओनी नावाचा म्हातारा होता. तो मान वर करीना.

"ओनी, हे काय?" आर्वोने विचारले.

"तुला वरून कोणी काही सांगितलं नाही का रे?" म्हातारा पुटपुटला. "कालच झालं ते. तुला दक्षिणेकडच्या संघाला दिलंय. त्यांचा एक खेळाडू आपल्याकडे आलाय."

त्या खेळात अशी रीतच होती. करारावर सही केली, की संघ आपला खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात दुसरा घेऊ शके. खेळाडूला नाही म्हणता येत नसे. ही रीत आर्वोला ठाऊक होती. तो जिना चढून वर गेला. व्यवस्थापकाच्या खोलीचे दार बंद होते. आत दिवा होता, खुर्ची करकरल्याचा आवाजही आला. त्याने दोनदा दार वाजवले. कोणी उघडले नाही.

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "मला पाठवलं त्याचं काही नाही. खेळाचा भागच आहे तो. पण माणूस आत होता आणि त्यानं दार उघडलं नाही."

दक्षिणेकडे तो आणखी चार वर्षे खेळला. मग गुडघ्याने अजिबातच साथ सोडली. खेळ सुटला तरी बर्फ सुटला नाही. गावोगावच्या गोठलेल्या तळ्यांवर जाऊन, काठावर उभे राहून, चांगले खेळाडू हेरण्याचे काम तो करू लागला. त्याची नजर पक्की होती. त्याने निवडलेली माणसे नाव काढू लागली. आणि एक दिवस कालासच्या संघाची मालकीण हिल्माबाई यांनी त्याला परत बोलावले. ज्या खोलीचे दार त्याच्यासाठी उघडले नव्हते, त्याच खोलीत आता तो व्यवस्थापक म्हणून बसू लागला.

पहिल्याच दिवशी त्याने सगळ्या खेळाडूंना जमवले आणि सांगितले, "इथून कोणाला जावं लागलं, तर ते तो माझ्या तोंडून ऐकेल. आधी माझ्याकडून, मग जगाकडून." खेळाडूंनी काठ्या बर्फावर आपटून त्याला दाद दिली. दोन वर्षे ते वचन पाळण्याची वेळच आली नाही.

तिसऱ्या वर्षी संघ ऐन हंगामात अडखळला. बचाव चांगला होता, पण गोल होत नव्हते. अशात शेजारच्या वेस्तोला गावाच्या संघाने आपला सर्वांत चांगला आक्रमक खेळाडू देऊ केला. बदल्यात त्यांना कालासचा गोलरक्षक तैस्तो हवा होता.

तैस्तो संघाचा कर्णधार होता. कोवळ्या वयात तो संघात आला, तेव्हा आर्वोनेच त्याला आपल्या घरी ठेवून घेतले होते. आता तो तेहतीस वर्षांचा होता. नुकतेच त्याने तळ्याकाठी घर बांधले होते, आणि त्याची मुलगी गावच्या शाळेत जाऊ लागली होती.

आर्वोने चार दिवस विचार केला. तैस्तोचे पाय थोडे मंद झाले होते. त्याच्या हाताखालचा गोलरक्षक तयार होता. संघाच्या दृष्टीने अदलाबदल योग्यच होती. त्याने होकार दिला.

वेस्तोलाची एकच अट होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता कागदांवर सह्या होतील आणि दोन्ही गावांना एकदमच कळेल. त्याआधी बातमी फुटली, तर आपण शब्दाला बांधील नाही.

"मी तैस्तोला आधी सांगणार आहे," आर्वो हिल्माबाईंना म्हणाला.

"आणि त्यानं बाहेर बोंब ठोकली तर?"

"ठोकेलही."

"तुम्ही त्याला चांगलं ओळखता. रागीट आहे तो. बारा वाजून पाच मिनिटांनी सांगा ना. पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळणार आहे?" आर्वोने नकारार्थी मान हलवली, तेव्हा त्या उठत म्हणाल्या, "सांगायचं तर सांगा. पण व्यवहार बिघडला, तर दोष तुमच्या माथी."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता सराव सुरू झाला. आर्वोच्या खोलीच्या खिडकीतून खालचा सगळा बर्फ दिसत असे. तैस्तो जाळ्यापुढे वाकून उभा होता. कोणीतरी काहीतरी म्हणाले आणि तो खदखदून हसला. हा सराव संपला की जाऊ, असे आर्वोने ठरवले. मग त्याला एका पत्राची आठवण झाली. ते लिहून झाले. मग एक दूरध्वनी करायचा राहिला होता. तोही झाला. दहा वाजले. त्याने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. तैस्तोला आताच कशाला दुखवा, असे त्याला वाटले. हिल्माबाईंचे म्हणणे काही अगदीच चूक नव्हते. साडेदहा वाजले.

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली, आणि आर्वोने झटकन उठून आपल्या खोलीचे दार लोटून घेतले. पावले पुढे निघून गेली. ती झाडूवाल्याची होती.

दाराच्या कडीवर हात ठेवून आर्वो तसाच उभा राहिला. इतकी वर्षे त्याची समजूत होती, की आपल्याला दार न उघडणारा तो माणूस दगडाच्या काळजाचा होता. आता त्याला कळले, की तो माणूस नुसता घाबरलेला होता. आणि आपणही घाबरलो आहोत.

त्याने दार उघडले आणि दुखऱ्या गुडघ्याने एकेक पायरी उतरत तो खाली आला.

तैस्तो बाकावर बसून बूट सोडत होता. आर्वो त्याच्यासमोर उभा राहिला.

"तैस्तो, तुला वेस्तोलाला दिलंय. दुपारी सह्या आहेत."

तैस्तोचे हात थांबले. "थट्टा करतोयस."

"नाही."

"बाईंनी ठरवलं ना हे?"

"मी ठरवलं. बाईंनी फक्त होकार दिला."

"तू?" तैस्तो उठून उभा राहिला. "तुझ्या घरी जेवलोय मी, आर्वो. वहिनींनी वाढलेलं जेवलोय. गेल्या महिन्यात घर दाखवायला तुला घेऊन गेलो, तेव्हा चांगलं म्हणालास!"

"तेव्हा ठरलं नव्हतं."

"पोरीला काय सांगू मी?"

तुझ्या भल्यासाठीच आहे, असे आर्वो म्हणाला नाही. एवढेच बोलला, "बारापर्यंत ही गोष्ट बाहेर जाऊ नये, अशी त्यांची अट आहे. तुला शपथ घालण्याचा अधिकार मला नाही. पण तुला इतरांकडून कळू द्यायचं नव्हतं."

तैस्तोने आपला जाड हातमोजा त्याच्या छातीवर फेकून मारला आणि तो निघून गेला. त्याने हात मिळवला नाही.

हिल्माबाईंनी सांगितले होते तसेच झाले. तैस्तो तडक चौकातल्या कॉफीच्या दुकानात गेला आणि संतापाच्या भरात सगळे बोलून बसला. अकरा वाजता संघाच्या मैदानाच्या फाटकाशी माणसे जमली. साडेअकराला वेस्तोलाचा निरोप आला : अट मोडली आहे. आता तैस्तोबरोबर एक बचावपटूही हवा, नाहीतर राहू द्या. आर्वोने तो दिला. त्या बचावपटूलाही त्याने खाली जाऊन स्वतःच सांगितले.

त्या वर्षी कालासचा संघ उपांत्य सामन्यात हरला. बचाव दुबळा पडला, हे आंधळ्यालाही दिसत होते. भर सभेत हिल्माबाई म्हणाल्या, "एका माणसाच्या हट्टापायी संघानं एक चांगला खेळाडू गमावला." आर्वोने ते ऐकून घेतले. ते खरेच होते. गावात कितीतरी दिवस लोक त्याला पाहून रस्ता बदलत. तैस्तो तर दोन वर्षे त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

पुढे कालासला नव्या गोलरक्षकाची गरज पडली. वेस्तोलात एलियास नावाचा एक उत्तम गोलरक्षक होता. त्याचा करार संपला होता आणि चार संघ त्याच्या मागे होते. कालासपेक्षा बाकीच्या तिघांकडे सोयी जास्त होत्या. एलियासने तैस्तोला विचारले, "तुम्ही आर्वोच्या हाताखाली खेळलात. कसा आहे तो माणूस?"

तैस्तोने हातातली काठी भिंतीला टेकवली.

"त्यानं मला घरादारासकट उचलून इकडे पाठवलं," तो म्हणाला. "मी त्याला अजून माफ केलेलं नाही. बहुतेक करणारही नाही."

"म्हणजे जाऊ नको म्हणता?"

"ऐक. उद्या तो तुलाही पाठवील, संघाला गरज असली तर. पण तसं असलं तर तो स्वतः तुझ्यासमोर येईल. तू पाठ फिरवून बसला असशील, तरी फिरून पुढे येईल. बाकीचे तिघं काय करतील, कोण जाणे. जा, कालासच्या कागदावर सही कर."

आणि एलियासने सही केली.

तात्पर्य : अधिकारावर असलेल्याला कधी कधी कठोर निर्णय घ्यावेच लागतात, आणि तेवढ्याने कोणी वाईट ठरत नाही, पण तो निर्णय ज्याच्यावर कोसळणार, त्याच्यासमोर जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगण्याचे धैर्य असावे. अशा माणसावर लोक रागावतील, पण विश्वासही त्याच्यावरच ठेवतील.