पुसलेला थेंब

घड्याळं नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका डोंगरउतारावर एक गाव होतं. पाणी मात्र अर्ध्या कोसावर, वरच्या झऱ्याला. बायकांचं निम्मं आयुष्य डोक्यावर घागर घेऊनच सरायचं.

गावात एक कुंभार होता. हाताचा मोठा कसबी, पण शाबासकीचा भुकेला. एकदा तो म्हणाला, "मी खापरी नळ घडवतो. झरा तुमच्या दारात आणून सोडतो."

म्हातारा पाटील म्हणाला, "शितावरून भाताची परीक्षा. आधी दहा नळ जोडून दाखव, बाबा."

कुंभाराने दहा नळ जोडले. शंभरातून निवडलेले दहा! सारा गाव जमला. वरून ओतलेलं पाणी खालून खळाळत बाहेर आलं. तेवढ्यात एका सांध्यावर थेंब जमला. कुंभाराने तो पाहिला आणि चटकन पंच्याने पुसला. थेंबाने काय होतंय, असं त्याने स्वतःला समजावलं. लोकांनी तर त्याला खांद्यावरच घेतलं.

मग अख्खं गाव राबलं. हिवाळाभर चर खणले, गावात पाण्यासाठी हौद बांधला. घरोघरचं सरपण भट्टीत गेलं आणि पोराबाळांनी थंडी काढली. सातशे नळ जोडून झाले.

पाणी सोडलं. बायका घागरी घेऊन हौदाशी उभ्या राहिल्या. दुपार टळली तरी हौद कोरडाच. निवडलेल्या नळांना थेंब होता, बाकीच्यांना धारा लागल्या होत्या. झरा वाटेतच जिरला होता.

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं, असं कुंभाराला वाटलं. पाठीत वाकलेली एक म्हातारी रिकामी घागर उचलत म्हणाली, "तो थेंब मीबी पाहिला होता रे लेकरा. तू पुसलास, तवा म्हटलं, तुला ठाऊक असंल."

कुंभाराची मान वर होईना. "ठाऊक होतं, आजी," तो कसाबसा म्हणाला. "म्हणूनच पुसला. द्या ती घागर."

त्या दिवसापासून तिचं पाणी तो भरू लागला. उरलेल्या वेळात दोनच नळ जोडायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, "बघा बरं, कुठे गळतंय?" कितीतरी खेपा फसल्या. शेवटी एक सांधा कोरडा राहिला. मग गावाने पुन्हा चर उकरले.

दुसऱ्या वर्षी हौद भरला. म्हातारी मात्र तोवर राहिली नव्हती. लोक कुंभाराला खांद्यावर घ्यायला धावले, पण तो तिची घागर काठोकाठ भरून हौदाच्या कडेला बसून राहिला.

तात्पर्य: लहान प्रयोग वाहवा मिळवायला नसतो, कुठे गळतंय ते वेळेवर कळायला असतो.